मुलांच्या पथकात मोठ्यांचे काम काय?

१९०८ च्या जानेवारीपासून इंग्लंडमध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक दर पंधरवड्याला एक भाग असे विकायला आले. लेखक रॉबर्ट बेडन-पॉवेल हा दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्याने नावारूपाला आलेला सेनाधिकारी. बॉईज ब्रिगेडसारख्या तेव्हाच्या संघटनांनी आपल्या कार्यक्रमात या पुस्तकातले खेळ आणि कसरती घ्याव्यात, एवढीच त्याची अपेक्षा होती. घडले भलतेच. मुलांनी पुस्तक स्वतःच विकत घेतले, सात-आठ जणांच्या टोळ्या केल्या, काठ्या आणि रुमाल जमवले आणि मग आपला स्काऊटमास्टर होईल असा एखादा मोठा माणूस शोधत ती ओळखीच्या शिक्षकांच्या आणि पाद्र्यांच्या मागे लागली. पुढच्या वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुलीही कोणी न बोलावता येऊन उभ्या राहिल्या आणि १९१० मध्ये गर्ल गाईड चळवळ निघाली. आधी मुले आली, मोठी माणसे मागाहून आली. आज आपल्याकडे हा क्रम उलटला आहे आणि बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पुस्तकाआधी, १९०७ च्या ऑगस्टमध्ये, ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेलने एक प्रायोगिक शिबिर घेतले होते. मुले वीसेक, काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या कामकरी घरांतली. त्यांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीवर त्यांच्यातलाच एक मोठा मुलगा नायक नेमला. रोज रात्री एका टोळीवर पहारा असे. पीठ, बटाटे, मांस आणि चहा असा शिधा घेऊन ती ठरलेल्या जागी जाई, आपले आपण रांधून खाई आणि तिथेच मुक्काम करी. टोळीवर हुकूम चाले तो टोळीनायकाचा. पुढे रोलंड फिलिप्स या तरुणाने ही टोळीपद्धत नीट मांडली. या पद्धतीला पर्यायच नाही, असा त्याचा आग्रह होता. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत तो मारला गेला. पण टोळीनायकांची सभा, जिला स्काऊट मंडळी ‘कोर्ट ऑफ ऑनर’ म्हणतात, ती आजही नियमावलीत आहे. उपक्रम कोणते घ्यायचे, जमलेले पैसे कशावर खर्च करायचे, नियम मोडणाऱ्याचे काय करायचे, हे सारे या सभेत ठरते. स्काऊटमास्टर तिथे बसतो तो सल्ला द्यायला.

मग स्काऊटमास्टरने करायचे तरी काय? बेडन-पॉवेलने नेत्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात शाळामास्तर, लष्करी अधिकारी, धर्मोपदेशक अशा सगळ्या भूमिका बाजूला ठेवून थोरल्या भावाची भूमिका सांगितली आहे. ती आपल्याला चटकन कळावी, कारण आपल्या घरांतून थोरल्या दादाचा आणि ताईचा धाक वडिलांच्या धाकापेक्षा निराळा असतो हे आपण जाणतो. तरीही एवढ्याने भागत नाही. थोरला भाऊ कधी हात आखडता घेतो आणि कधी पुढे होतो, हे प्रत्यक्ष पाहावे लागते.

गाईडच्या एका शिबिरात मुलींना तीन दगडांच्या चुलीवर पिठले-भात करायचा होता. आदल्या रात्री पाऊस झालेला, लाकडे ओलसर. एका टोळीने चुलीत लाकडे ठासून भरली होती. नुसता धूर, जाळ नाही. डोळे चोळत एक मुलगी बाईंकडे आली, “बाई, पेटतच नाहीये.” बाई चुलीपाशी आल्या, वाकून पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “हवा कुठून आत जातेय ते बघा गं.” आणि निघून गेल्या. मुलींत थोडी वादावादी झाली. मग एकीने दोन जाड लाकडे बाहेर ओढली, दुसरीने बुडाशी काटक्या सारल्या आणि जाळ धरला. पिठल्यात गुठळ्या झाल्या, भात खालून लागला आणि तो सगळ्यांनी खाल्ला. शेजारच्या टोळीच्या बाई स्वतः चुलीशी बसल्या होत्या. तिथले पिठले सुरेख झाले आणि परीक्षकांनी त्याचीच तारीफ केली.

मला त्याहून महत्त्वाची वाटली ती आणखी एक गोष्ट. चूल मुलींवर सोपवणाऱ्या त्याच बाईंनी स्वयंपाक सुरू होण्याआधी प्रत्येक चुलीजवळ पाण्याची बादली स्वतः ठेवून घेतली होती, मुलींचे स्कार्फ आणि सुटे केस नीट बांधले आहेत ना हे एकेकीपाशी थांबून पाहिले होते आणि प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे ते दोघींकडून म्हणवून घेतले होते. त्यात चर्चा नव्हती, मतदान नव्हते. पिठले बिघडले तर बिघडू दे, पण ओढणी पेटता कामा नये. स्काऊट-गाईडमधल्या मोठ्या माणसाचे सगळे काम या एका वाक्यात येते. निर्णय मुलांचे, जोखीम मोठ्यांची.

ही जोखीम किती जड असते ते चळवळीला फार लवकर कळले. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातले पथक होडीने लेस्डाउनला शिबिरासाठी निघाले होते. किनारा जवळ आला असताना अचानक सुटलेल्या सोसाट्याच्या वाऱ्याने होडी उलटली आणि नऊ मुले बुडाली. सोबतच्या मोठ्यांनी काही मुलांना वाचवलेही. पण समुद्र, वारा आणि होडी यांचा अंदाज घेणे हे मुलांचे काम नव्हते, ते मोठ्यांचेच होते. शंभराहून अधिक वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, दक्षिण कोरियातल्या सेमांगुम इथल्या जागतिक जांबोरीत, म्हणजे स्काऊटांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात, चाळीस हजारांवर मुले-माणसे जमली. समुद्र हटवून केलेली सपाट, बिनसावलीची जमीन, कडक ऊन, अपुरी स्वच्छतागृहे. शेकडो जणांना उष्णतेचा त्रास झाला, ब्रिटन आणि अमेरिकेच्या तुकड्या निघून गेल्या आणि शेवटी येणाऱ्या वादळामुळे सगळा तळच हलवावा लागला. मुले आपापल्या परीने निभावत होती. कमी पडले ते नियोजन करणारे मोठे.

आता या विषयातला सगळ्यात कठीण भाग. अमेरिकेच्या बॉय स्काऊट्स संघटनेने ज्या नेत्यांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचा संशय होता, त्यांच्या गुप्त फायली कित्येक दशके जपून ठेवल्या. २०१२ मध्ये ऑरेगन राज्यातल्या न्यायालयाच्या आदेशाने त्यातल्या बाराशेहून अधिक फायली उघड झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला, ८२ हजारांवर लोकांनी आपल्यावर अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले आणि भरपाईसाठी सुमारे २४६ कोटी डॉलरचा निधी ठरला. हे आकडे वाचून हात थरथरतात. आणि असे अत्याचार करणारा माणूस बहुधा मुलांचा लाडका असतो, पालकांच्या विश्वासातला असतो, शिबिराला एकटा घेऊन जायला नेहमी तयार असतो. त्याचा शब्द अखेरचा असतो, म्हणून कोणी विचारत नाही.

म्हणूनच मला वाटते की टोळीपद्धत आणि मुलांची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत. जिथे टोळीनायक सभेत बसून प्रश्न विचारतात, तिथे एका माणसाची अनिर्बंध सत्ता तयार होणे अवघड जाते. अमेरिकेत आज नियम असा की प्रत्येक उपक्रमाला किमान दोन प्रौढ हवेत, एक प्रौढ आणि एक मूल यांनी इतरांच्या नजरेआड एकटे असू नये, तंबू वेगळे असावेत आणि पालकांपासून लपवलेला एकही कार्यक्रम असू नये. काही जुन्या मास्तरांना हा अपमान वाटतो. “आमच्यावर विश्वास नाही का?” हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. विश्वास मुलांवर ठेवायचा असतो. मोठ्यांसाठी नियम असतात आणि सज्जन माणसाला त्यांचा काही त्रास होत नाही. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याने तर असा गुन्हा घडल्याचे ठाऊक असणाऱ्या प्रत्येकावर कळवण्याचे बंधन घातले आहे. शाळेची अब्रू हे कारण तिथे चालत नाही.

आपल्याकडचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९०९ मध्ये बंगळुरात कॅप्टन बेकर यांनी पहिले पथक काढले. त्यापाठोपाठ निघालेल्या पथकांत आपल्या खडकी आणि लोणावळ्याची पथकेही होती. पण ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होते. ते उघडले ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला आणि १९१८ मध्ये अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या सेवा समितीने. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊटचे प्रमुख प्रवाह एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स संस्था झाली. १९६६ मध्ये पुण्यात गाईडचे ‘संगम’ हे जागतिक केंद्र सुरू झाले. नेत्यांच्या प्रशिक्षणाची परंपराही मोठी आहे: १९१९ मध्ये लंडनजवळ गिलवेल पार्कला सुरू झालेला वुड बॅज आपल्याकडे हिमालय वुड बॅज म्हणून मिळतो आणि पचमढीच्या राष्ट्रीय केंद्रात शिकून आलेले उत्तम शिक्षक महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आहेत.

तरी बहुतेक शाळांत चित्र काय दिसते? स्काऊटची जबाबदारी नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. त्याच्याकडे आधीच तासिका आहेत, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आहेत, निवडणुकीचे काम आहे. मग पथक दिसते ते २६ जानेवारीला, संचलनापुरते. ‘खरी कमाई’ हा किती सुंदर उपक्रम! मुलाने स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे. पण मेळाव्यात भेळ आईने केलेली, फलक बाबांनी रंगवलेला, आणि मुलगा गल्ल्यावर बसलेला. तृतीय सोपानाच्या परीक्षेआधी लॉगबुक रातोरात तयार होते आणि त्यातले अक्षर कोणाचे हे परीक्षकालाही कळते. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काऊट-गाईडसाठी जागा असतात, त्यामुळे प्रमाणपत्राला भाव आहे. शिक्षकाला निकाल दाखवायचा असतो, पालकाला प्रमाणपत्र हवे असते, आणि या घाईत मुलाच्या हातून गाठ काढून घेऊन ती मोठेच मारून देतात. मुलगा काय शिकला? वेळ आली की कोणीतरी मोठे माणूस करून देते, हे.

यात शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. चाळीस मुलांच्या पथकामागे एकच शिक्षक असेल तर टोळीनायकांना घडवायला त्याला सवड कुठली? आणि दोन प्रौढांचा नियम तो एकटा पाळणार कसा? एकट्या माणसाला हुकूम सोडणे सोपे पडते. मुलांना सोपवून लक्ष ठेवायला जास्त माणसे लागतात आणि जास्त वेळ लागतो. परदेशांत हा भार शाळेबाहेरचे स्वयंसेवक उचलतात: बँकेत काम करणारे, सुतार, परिचारिका, कॉलेजात शिकणारे रोव्हर, म्हणजे वयाने मोठे स्काऊट. आपल्या मराठी मुलखात अशा माणसांची वाण नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आणि गिर्यारोहण संस्था चालल्या त्या अशाच तरुणांच्या संध्याकाळींवर.

तेव्हा पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी मुलीच्या हातात शिबिराचे संमतिपत्र येईल तेव्हा सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा: सोबत दुसरे मोठे माणूस कोण आहे, आणि जेवणात काय करायचे ते कोणी ठरवले? पहिल्याचे उत्तर नावानिशी मिळाले पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर ‘मुलींनी’ असे आले पाहिजे. आणि पहिल्या प्रश्नाला ‘कोणी नाही’ असे उत्तर आले तर तक्रार करून थांबू नका. पंचविशी-तिशीत असाल, आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी असेल, तर जवळच्या शाळेत जा आणि ते दुसरे माणूस व्हायची तयारी दाखवा. प्रशिक्षण जिल्हा संस्था देते. नियम असतील ते पाळा, ओळखपत्र मागितले तर द्या, आणि पहिल्या दिवशी चुलीजवळ पाण्याची बादली ठेवायचे काम मागून घ्या.