उष्टं, सर्दी आणि सोमवारची सकाळ

न्यू जर्सीतल्या एका प्राथमिक शाळेत मी गेली अकरा वर्षं नर्स आहे. या नोकरीत घड्याळ जरा वेगळं कळायला लागतं. थंडीच्या दिवसांत, विशेषतः सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास माझ्या खोलीचं दार उघडतं आणि गाल लाल, डोळे जड झालेलं एखादं मूल आत येतं. थर्मामीटर १०१ च्या वर. "सकाळी औषध घेतलंस का?" असं विचारलं की मुलं सरळ सांगून टाकतात, "हो, आईने दिलं." टायलेनॉलचा अंमल चार ते सहा तास असतो. सातला दिलेला डोस अकराला उतरतो. तोवर ते मूल दोन तास वाचनाच्या गालिच्यावर वीस जणांत बसून आलेलं असतं.

अशा आईवर मला राग येत नाही. तिची आठ वाजताची मीटिंग, नवऱ्याचा दौरा, आणि सासर-माहेर दोन्ही सातासमुद्रापार. पण त्या गालिच्यावर कोण बसलेलं असतं, हे तिला माहीत नसतं. काही वर्षांपूर्वी आमच्या एका वर्गात केमोथेरपी चालू असलेला मुलगा होता. त्याच्या आईने, स्वतः होऊन, वर्गातल्या सगळ्या पालकांना पत्र लिहिलं. तिने सहानुभूती मागितली नव्हती, मदतही नाही. तुमच्या मुलाला ताप, पुरळ किंवा उलट्या झाल्या तर मला आदल्या रात्री एक मेसेज करा, म्हणजे मी माझ्या मुलाला घरी ठेवीन, एवढंच. त्या वर्षी त्या वर्गातून अकरा वाजताचे रुग्ण माझ्याकडे जवळजवळ आलेच नाहीत. पालक आपणहून आजारी मुलांना घरी ठेवू लागले.

शाळेचा नियम सोपा आहे: ताप म्हणजे १००.४ किंवा जास्त, आणि औषध न देता २४ तास ताप आला नाही तरच शाळा. घसा स्ट्रेपने धरला असेल तर अँटिबायोटिक सुरू झाल्यावर किमान १२ तास, बऱ्याच शाळांत २४ तास घरी. नुसतं नाक वाहतंय, मूल खातंय, खेळतंय, तर खुशाल पाठवा. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्दी होणं नॉर्मल आहे. प्रत्येक शिंकेला घरी ठेवलं, तर १८० दिवसांतले १८ दिवस बुडायला वेळ लागत नाही, आणि तेवढ्यावर इथे मूल 'वारंवार गैरहजर' ठरतं.

आता उष्ट्याबद्दल. ही कल्पना आपल्या मुलांना इंग्रजीत समजावून सांगायला गेलं की पंचाईत होते, कारण तिला शब्दच नाही. माझ्या आजीच्या घरी तांब्याला ओठ लावलेला चालत नसे. पाणी वरून प्यायचं. बाहेरून आलं की आधी हातपाय धुवायचे, मग स्वयंपाकघर. त्या घरातल्या सोवळ्याओवळ्याने माणसांना दारात उभं केलं होतं, ते ओझं गेलं ते बरंच झालं. पण त्याबरोबर वरून पाणी पिणंही गेलं. डब्याच्या सुट्टीत एकच पाण्याची बाटली चार जणांत फिरते, तेव्हा मला आजी आठवते. मी मुलांना 'उष्टं' हाच शब्द शिकवते. कोरियन आणि इटालियन आडनावांची मुलंही आता "दॅट्स उष्टं!" म्हणून ओरडतात. डबा वाटून खाऊ नका असं मी म्हणत नाही. चकली मोडून द्या, चावून नको.

हात धुण्याला पर्याय म्हणून दप्तराला लटकवलेली सॅनिटायझरची बाटली पालकांना फार आवडते. साठ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तर सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर ती चालते. पण दर हिवाळ्यात वर्गच्या वर्ग ओकायला लावणारा नोरोव्हायरस तिला दाद देत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. आणि मुलं नेमका अंगठाच विसरतात, तोच अंगठा मग तोंडात जातो.

आपल्या घरांतली एक गोष्ट मात्र मला खरोखर घाबरवते. आजी भारतातून येताना बॅगेत क्रोसिन सिरप आणते. आई सकाळी टायलेनॉल देऊन कामाला जाते, नातवाचं अंग कढत लागलं म्हणून दोन तासांनी आजी क्रोसिन पाजते. दोन्हींत औषध एकच: भारतात त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, इथे असिटामिनोफेन. डोस दुप्पट झाला तर यकृताला इजा होऊ शकते. फ्रिजवर एक कागद चिकटवा, औषध आणि वेळ लिहा, ज्याने दिलं त्याने लिहा. बॅगेतल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या पट्टीबद्दल इतकंच, की सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांवर ती गोळी काहीही करत नाही. आजीची ओव्याची पुरचुंडी राहू द्या, चटका बसणार नाही इतकी कोमट. मध मात्र एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही.

फ्लूची लस दरवर्षी. न्यू जर्सीत २००८ पासून पाळणाघरात आणि प्रीस्कूलमध्ये जाणाऱ्या, पाच वर्षांखालच्या मुलांना ती ३१ डिसेंबरच्या आत घ्यावी लागते. नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून दिवाळीची खरेदी आणि पहिला डोस एकाच महिन्यात उरका. डिसेंबरात भारतात जाणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोवराची लस इथे एरवी बाराव्या महिन्यानंतर देतात, पण परदेशी निघालेल्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक डोस आधीच देतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. विमानतळावरच्या रांगेत कोण उभं होतं, हे कळायला मार्ग नाही.

आणि रजा. न्यू जर्सीच्या कायद्याने २०१८ पासून दर ३० तासांच्या कामामागे एक तास, वर्षाला ४० तासांपर्यंत, पगारी आजारपणाची रजा मिळते. ती आजारी मुलासाठीही वापरता येते. बरेच जण व्हिसाच्या धास्तीने ती मागतच नाहीत. पाच दिवस पुरत नाहीत, हेही खरं. आमच्या गल्लीत तीन मराठी घरं आहेत. ज्यांच्याकडे आजी-आजोबा आलेले असतात ते बरं होत आलेलं, पण अजून शाळेत न जाणारं मूल दुपारपर्यंत सांभाळतात. अडचण एवढीच, की आजी-आजोबा थंडीला कंटाळून नोव्हेंबरात परत जातात आणि फ्लू येतो डिसेंबर ते फेब्रुवारीत. म्हणून यंदा आम्ही फराळाच्या दिवशीच बसून वाटणी केली: सोमवार-मंगळवार घरून काम करणारे एक काका, बुधवार मी सुट्टी घेऊ शकते तेव्हा मी, गुरुवार-शुक्रवार कोपऱ्यावरच्या निवृत्त मावशी. त्यांनी एकच अट घातली आहे: मुलाने आल्या आल्या हातपाय धुवायचे.