सागाचं झाड आणि बर्नुलीचं सबस्टिट्यूशन

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेसाठी तयारी करताना बर्नुलीचं डिफरन्शियल इक्वेशन आपण सगळेच पाठ करतो. समीकरणात चलाचा म-वा घात दिसला की त्या चलाचा (१−म) वा घात नवीन चल म्हणून घ्यायचा, समीकरण लीनिअर होतं, मार्क मिळतात. पण मुलाखतीत कोणी विचारलं, "हाच घात का?" तर बहुतेक जण गप्प होतात. याचं उत्तर आपल्याच जंगलात शोधू.

आलापल्लीचं सागवान प्रसिद्ध आहे. बल्लारपूरच्या डेपोत लाकडाचा हिशेब घनमीटरमध्ये होतो, म्हणजे महत्त्व घनफळाला. पण उभ्या झाडाचं घनफळ थेट मोजता येत नाही. वनरक्षक जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, टेप लावून घेर मोजतो. हवं असतं घनफळ, मोजतो तो लांबी. हेच सबस्टिट्यूशन.

आता समीकरण बघू. घ म्हणजे घनफळ, त म्हणजे काळ, आणि घ′ म्हणजे घनफळ वाढण्याचा वेग. बर्टालन्फी या जीवशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये मांडलेला विचार साधा आहे: सजीव अन्न घेतो ते पृष्ठभागातून, आणि झीज होते ती सगळ्या शरीराची. पृष्ठभाग घनफळाच्या २/३ घाताप्रमाणे वाढतो. म्हणून

घ′ = अ·घ^(२/३) − ब·घ

अ आणि ब स्थिरांक आहेत. हे बर्नुलीचंच समीकरण, म = २/३. नियमाप्रमाणे नवीन चल ल = घ^(१/३). घनमीटरचं घनमूळ म्हणजे मीटर! झाडाचा आकार वाढताना सारखाच राहतो असं धरलं, तर ल हा घेराच्या प्रमाणात असतो. म्हणजे १−म हा घात आकाशातून पडलेला नाही, इथे तो आपल्याला टेपपर्यंत घेऊन येतो.

घ = ल³, म्हणून घ′ = ३ल²·ल′. समीकरणात ठेवा:

३ल²·ल′ = अ·ल² − ब·ल³

दोन्ही बाजूंना ३ल² ने भागा:

ल′ = (अ − ब·ल)/३

झालं लीनिअर. सुरुवातीला ल = ० धरलं तर

ल = (अ/ब) × (१ − ई^(−बत/३))

घेर सुरुवातीला भराभर वाढतो, मग वेग कमी होत जातो. याचा घन केला की घनफळाचा एस-आकाराचा वक्र मिळतो. घनफळ वाढण्याचा वेग सर्वाधिक कधी? ल जेव्हा आपल्या कमाल किमतीच्या २/३ असतो, म्हणजे घनफळ कमाल घनफळाच्या ८/२७, सुमारे ३०% असताना. हे स्वतः करून बघा, दोन ओळींचं काम आहे.

आता खरी मेख. आपण ल² ने भागलं, म्हणजे ल शून्य नाही असं गृहीत धरलं. पण मूळ समीकरणात घ = ० ठेवून बघा: दोन्ही बाजू शून्य. तेही उत्तर आहे, आणि भागताना ते हातातून निसटलं. इतकंच नाही. घ बराच काळ शून्य राहतो आणि मग कुठल्याही क्षणी वर दिल्याप्रमाणे वाढायला लागतो, हेही समीकरणात बसतं. सुरुवात एकच, उत्तरं अनंत! कारण शून्यापाशी घ^(२/३) चा उतार अनंत होतो, लिप्शिट्झची अट मोडते, आणि एकमेव उत्तराची हमी जाते.

गंमत म्हणजे सागाचं बी असंच वागतं. त्याचं कवच कठीण, उगवण अनियमित. काही बिया लगेच उगवतात, काही पडून राहतात. झाड कसं वाढतं हे समीकरण सांगतं, कधी उगवेल हे सांगत नाही. म्हणून डेटावर काम करताना सुरुवात शून्यापासून न करता मोजलेल्या रोपापासून करायची.

खऱ्या झाडांमध्ये म नेमका २/३ असेलच असं नाही. रिचर्ड्सने १९५९ मध्ये म मोकळा सोडला, आणि तेच रूप आज वनशास्त्रात सर्रास वापरतात. सबस्टिट्यूशन तेच: ल = घ^(१−म). फक्त आता ल म्हणजे मीटर नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

युक्ती तशी जुनीच. याकोब बर्नुलीने प्रश्न मांडला १६९५ मध्ये, लाइब्निट्सने हे सबस्टिट्यूशन दाखवलं १६९६ मध्ये. आपण पुढच्या वेळी ते वापरताना दोन प्रश्न विचारू या: नवीन चल मोजता येण्यासारखं काय आहे, आणि भागाकार करताना कुठलं उत्तर मागे राहिलं? पहिला प्रश्न मुलाखतीत उपयोगी पडेल. दुसरा थीसिसमध्ये.