किक हलकी लागतेय? आरएक्स १०० चं टॉप एंड उघडूया

आज हात काळे करायचेत.

यामाहा आरएक्स १०० खरं तर रस्त्याची गाडी. पण आपल्याकडे कित्येकांनी बटणाचे टायर चढवून तिला डर्ट ट्रॅकवर उतरवलं. तिथे ती मरते धुळीने. फिल्टर फाटला की धूळ टू-टी ऑइलमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी ब्लॉक घासते. मग किक हलकी लागते, गरम गाडी सुरू व्हायला नखरे करते, थंडीत टकटक ऐकू येते.

हेड आणि ब्लॉक काढला की लगेच पार्ट आणायला पळू नका. आधी पिस्टन वाचा. (शाळेच्या पुस्तकातला 'दट्ट्या' तो हाच!) मागच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूला मळकट उभे ओरखडे असतील, तर धूळ गेलीय. पुढे, सायलेन्सरच्या बाजूला अॅल्युमिनियम फासल्यासारखं दिसलं, तर गाडी तापून चिकटलीय: ऑइल कमी पडलं किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जातेय. हे कारण तसंच ठेवून नवा पिस्टन टाकला, तर तोही जाणार.

दुसरी तपासणी कनेक्टिंग रॉडची. रॉड धरून सरळ वर-खाली ओढा. डावी-उजवीकडे थोडा हलला तर चालतं, वर-खाली अजिबात नको. तसा खेळ लागला तर क्रँकचं काम आहे, आणि वरचा खर्च तोपर्यंत थांबवा. पैसे वाचवायची खरी जागा ही आहे.

आता बोअर. स्टँडर्ड बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५०. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातो: ५०.२५, ५०.५०, असा. 'मोठा पिस्टन टाकला, पॉवर वाढली' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ५०.५० ला ९८ चे जेमतेम १०० सीसी होतात. ओरखडे निघतील तेवढाच बोअर वाढवा, पुढच्या वेळेसाठी माया राहते. आणि पिस्टन आधी विकत घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या, त्याच्या मापानेच बोअर करायला सांगा. शतांश मिलिमीटरचा खेळ आहे हा. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या मोडून घ्यायला विसरू नका, धारदार कडेत रिंग अडकून तुटते.

ब्लॉक घरी आणला की गरम पाणी आणि साबण. पेट्रोलने धुतला तर होनिंगची बारीक पूड तशीच राहते. पांढरं फडकं फिरवून काळं येईनासं होईपर्यंत धुवा, वाळवा, लगेच ऑइल लावा, नाहीतर गंज धरतो.

जोडताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. मी एकदा आळस केला, सर्कलिप टुणकन आत! चुंबक, टॉर्च, अर्धा रविवार. सर्कलिप नेहमी नव्याच. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगच्या खाचेत एक छोटी पिन असते, रिंगची दोन्ही टोकं बरोबर त्या पिनवर यायला हवीत. ब्लॉक सरळ खाली सरकवा, फिरवू नका. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. ऑइल पंपाची नळी काढली असेल तर त्यातली हवा काढल्याशिवाय किक मारायची नाही.

पहिल्यांदा गाडी कोमट होईपर्यंत चालवा, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा. मग गार इंजिनवर हेडचे नट पुन्हा तपासा. सुरुवातीचे काही दिवस अर्ध्या थ्रॉटलवर, पण एकाच स्पीडला रेंगाळत नाही. मग प्लग काढून बघा. कॉफी रंगाचा असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर ट्रॅकवर न्यायची नाही, आधी जेट आणि हवेची गळती बघायची. शर्यत रविवारी असली तरीही.