विश्लेषण : एक घर सोडून गेली, दुसरी तिच्या जागी राहिली… भाजे लेण्याशी जोडली जाणारी संज्ञा-छायेची कथा काय आहे?

फँटसी मालिकेत दोन नायिका असल्या की वाटणी बहुतेक वेळा ठरलेली असते. एक उजेडाची आणि कर्तव्यदक्ष, दुसरी अंधाराची आणि वाट चुकलेली. सूर्याच्या दोन पत्नींच्या पुराणकथेत मात्र नेमके उलटे घडते. उजेडाच्या घरातली संज्ञा निघून जाते आणि तिचे कर्तव्य निभावते ती तिची सावली, छाया. या दोघींचे शिल्प म्हणून अनेक अभ्यासक मावळातल्या भाजे लेण्याकडे बोट दाखवतात.

भाजे लेण्यात काय दिसते?

लोणावळ्याजवळ, मळवली स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर भाजे लेणी आहेत. २२ लेण्यांचा हा बौद्ध समूह इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून खोदला गेला. त्यातल्या १९ व्या लेण्याला ‘सूर्यगुंफा’ म्हणतात. तिथे एका दाराच्या बाजूला चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे. रथात एक पुरुष आणि दोन स्त्रिया आहेत. एकीने छत्र धरले आहे, दुसरीच्या हाती चवरी आहे. रथाखाली एक अक्राळविक्राळ आकृती चिरडली जाते आहे.

रथातला पुरुष सूर्य, स्त्रिया त्याच्या पत्नी आणि खालचा राक्षस म्हणजे अंधार, असा अर्थ बराच काळ लावला गेला. काही अभ्यासकांना तो मान्य नाही. त्यांच्या मते ही बौद्ध साहित्यातल्या मांधाता राजाची कथा आहे. हा वाद मिटलेला नाही.

संज्ञा का जाते?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात या कथेचे बीज सापडते. तिथे नायिकेचे नाव सरण्यू आहे. पुढे हरिवंश, विष्णुपुराण आणि मार्कंडेयपुराणात कथा विस्तारत गेली. संज्ञा ही विश्वकर्म्याची मुलगी. तिला सूर्यापासून मनू, यम आणि यमी (यमुना) ही मुले झाली. पण नवऱ्याचे तेज तिला सोसवेना. तिने स्वतःसारखीच दिसणारी छाया निर्माण केली, मुले तिच्यावर सोपवली आणि ती माहेरी गेली. वडिलांनी तिला परत सासरी जायला सांगितले. तेव्हा ती घोडीचे रूप घेऊन दूर निघून गेली.

छाया काय करते?

केस धरून ओढले जाईपर्यंत किंवा शाप मिळण्याची वेळ येईपर्यंत हे गुपित फोडणार नाही, असा शब्द छायेने संज्ञेला दिला होता. तिने तो पाळला. संसार केला. तिला सावर्णी मनू, शनी आणि तपती ही मुले झाली. पण पोटची मुले झाल्यावर तिचा कल त्यांच्याकडे झुकला. चिडलेल्या यमाने तिच्यावर पाय उगारला आणि तिने ‘तुझा पाय गळून पडो’ असा शाप दिला. आई पोटच्या मुलाला असा शाप देणार नाही, हे सूर्याच्या लक्षात आले आणि गुपित फुटले.

म्हणजे दोघींपैकी एकही सरळसोट ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ नाही. संज्ञेने कर्तव्य सोडले, पण सोसण्याची हद्द ओळखली. छायेने शब्द पाळला, पण दुसरीच्या नावाने जगताना तिच्या हातूनही अन्याय झाला.

मग तोडगा काय निघतो?

कथेचा खरा मुद्दा इथे आहे. संज्ञेला ‘आणखी सोस’ असे सांगून प्रश्न सुटत नाही. बदलावे लागते ते सूर्याला. विश्वकर्मा त्याला यंत्रावर चढवून त्याचे तेज तासतो. विष्णुपुराणानुसार आठवा हिस्सा कमी होतो. त्या तासलेल्या तेजातून विष्णूचे चक्र आणि शिवाचा त्रिशूळ घडतो. घोड्याचे रूप घेऊन सूर्य संज्ञेला भेटतो आणि त्यांना अश्विनीकुमार होतात.

टीव्हीवर ही कथा कशी आली?

‘कलर्स’ वाहिनीवर २०१६ मध्ये ‘कर्मफल दाता शनि’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात संज्ञा आणि छाया या दोन्ही भूमिका जुही परमारने केल्या, तर माजी क्रिकेटपटू सलील अंकोला सूर्य झाला. कथा शनीच्या बाजूने सांगितलेली असल्याने छायेचे आईपण केंद्रस्थानी आले.

महाराष्ट्रात या कथेच्या खुणा कुठे आहेत?

भाऊबीजेला ‘यमद्वितीया’ म्हणतात, कारण त्या दिवशी यम बहिणीच्या, म्हणजे यमीच्या घरी जेवायला गेला अशी कथा आहे. ही संज्ञेची मुले. दर शनिवारी ज्याला तेल वाहिले जाते तो शनी छायेचा मुलगा. खानदेशातून वाहणारी तापी नदी म्हणजे छायेची मुलगी तपती, असे पुराणे सांगतात. निघून गेलेली आणि मागे राहिलेली, अशा दोघींच्याही लेकरांना मराठी घरांनी आपल्या सणावारांत जागा दिली आहे.