माळ्याची राहती खोली करण्यापूर्वी

कुटुंब वाढले, धाकट्याचे लग्न ठरले, किंवा मुलीस अभ्यासाला निराळी जागा हवी झाली, की शेतकऱ्याची दृष्टी साहजिकच माळ्याकडे जाते. नवे घर बांधावे तर पैसा लागतो आणि पिकाखालची जमीन अडते. इकडे डोक्यावर मात्र आठ-दहा खणांची जागा धान्याची पोती, जुनी भांडी आणि मोडका पाळणा सांभाळीत पडून असते. ती राहण्याजोगी करावी, हा विचार आम्हांस मुळीच गैर वाटत नाही. परंतु गवंड्यास बोलावून फरशीचा व रंगाचा हिशेब करण्याआधी दुसरा एक हिशेब करावा लागतो, आणि तो बहुधा राहून जातो. तो हिशेब ओझ्याचा होय.

"या माळ्यावर आमचे आजोबा वीस-वीस पोती जोंधळा ठेवीत, मग चार माणसांचे ते काय ओझे?" असे पुष्कळ जण विचारतात. प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. पण ती पोती जाणत्या माणसाने भिंतीलगत व तुळईच्या माथ्यावर रचलेली असत, कड्यांच्या मध्यावर नव्हे. शिवाय एकदा ठेवलेले पोते हलत नाही. माणसे खोलीच्या मध्यभागीच वावरतात, आणि लग्नकार्यात पंचवीस जण एकदम वर चढतात. म्हणूनच राहत्या खोलीच्या तळाने दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो ओझे पेलावे, असे आपल्या देशातील बांधकामाचे मानक आहे. १० फूट रुंद व १२ फूट लांब खोलीस हे ओझे सुमारे २२ क्विंटल होते.

हे झाले केवळ माणसांचे व सामानाचे. त्यावर हौसेने शहाबादी फरशी घातली, तर एक इंची फरशी आणि खालचा दोन इंची मसाला मिळून आणखी सुमारे १८ क्विंटल चढतात. मध्ये १० फूट लांब व ८ फूट उंच अशी साडेचार इंची विटेची भिंत घातली, तर तिचे गिलाव्यावाचूनच १६ क्विंटल होतात. कोपऱ्यात न्हाणी काढून वर हजार लिटरची टाकी बसविली, की नुसत्या पाण्याचेच १० क्विंटल. ही बेरीज ६६ क्विंटल झाली. आजोबांची वीस पोती कोठे आणि हे ओझे कोठे! यास्तव माळ्यावर फळ्यांची तक्तपोशी ठेवावी, आडोसा करणे झाल्यास लाकडी चौकट व पातळ तक्ते यांचा करावा, आणि न्हाणी व टाकी खालीच असावी. ज्यास वर फरशीच पाहिजे, त्याने माळ्याचा नाद सोडलेला बरा.

कड्या कमकुवत वाटल्या तर त्यांच्यामध्ये नव्या कड्या घालता येतात. या कामी एक गोष्ट सुतारास ठाऊक असते, पण मालकास ठाऊक असतेच असे नाही: कडीची रुंदी दुप्पट केल्याने तिचे बळ दुप्पट होते, पण तिची उभी जाडी दुप्पट केल्याने बळ चौपट होते. तेव्हा त्याच लाकडाची कडी आडवी न घालता उभी घालावी. जुन्या कड्या तपासताना मधला भाग पाहून समाधान मानू नये. भिंतीत शिरलेल्या टोकाशी ओल धरते व वाळवी लागते; तेथे टोच्या रुतवून पाहावा.

आता भिंतींकडे वळू. देशावरील व मराठवाड्यातील जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन हात जाड असतात, आणि त्या जाडीवरच लोकांची सारी भिस्त असते. दगड मातीत रचलेले असले, तर ती जाडी फसवी होय. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, ती मुख्यत्वे अशाच भिंती व माथ्यावरील मातीचे धाबे कोसळून. त्याच गावांत काही घरे अशीही होती की ज्यांचे धाबे लाकडी खांबांवर व तुळयांवर पेललेले होते. तेथे भिंती ढासळल्या, पण धाबे उभे राहिले. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. सारांश, माळ्याचे ओझे मातीच्या भिंतीवर टाकू नये. ते खांबांवर घ्यावे, आणि खांबाखाली पक्का तळखडा असावा. घर खणांचे असल्यास हे काम सोपे आहे. खांब मुळीच नसतील आणि नवे उभे करण्याची तयारी नसेल, तर अंगणाच्या एका बाजूस हलक्या छपराची खोली बांधणे अधिक शहाणपणाचे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छपराच्या कैचीतील खालचे आडवे लाकूड डोक्यास लागते, म्हणून ते कापून काढण्याचा मोह अनेकांस होतो. दोन्ही बाजूंच्या वाशांचा रेटा भिंतींस बाहेर लोटीत असतो, आणि त्यांस धरून ठेवणारे लाकूड नेमके तेच. ते कापल्यास भिंती फाकतील. वाकून जावे लागले तरी चालेल, पण जाणत्या अभियंत्यावाचून त्यास करवत लावू नये.

जिन्याची जागा बहुतेक जण विसरतात. माळा ९ फूट उंचीवर असेल आणि म्हाताऱ्या माणसास चढता येईल असा जिना करावयाचा असेल, तर पावणेसात इंच उंचीचे १६ टप्पे पडतात, आणि १० इंच रुंदीच्या पायऱ्या धरल्यास खाली साडेबारा फूट लांबी लागते. एवढी जागा माजघरातून जाणार हे आधीच ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यासाठी दोन्ही टोकांस समोरासमोर खिडक्या आणि आढ्याजवळ वाफ जाण्यास वाट ठेवावी; पत्र्याच्या छपराखाली तर आतून तक्तपोशी केल्याशिवाय चैत्र-वैशाखात दुपारी बसवणार नाही.

माणसे वर गेली, मग धान्य कोठे जाणार? अर्धा माळा धान्यास व अर्धा माणसांस, अशी तडजोड पुष्कळ ठिकाणी होते. तीत एक प्राणघातक धोका आहे. धान्याच्या किडीसाठी वापरण्यात येणाऱ्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. तो हवेहून किंचित जड असल्याने फळ्यांच्या फटींतून खालच्या खोलीतही उतरतो, आणि झोपलेल्यास त्याची जाग येईलच असे नाही. या गोळ्यांच्या विक्रीवर व वापरावर शासनाचे निर्बंध आहेत, तरीही त्या खेड्यापाड्यांत हाती लागतात. ज्या छपराखाली माणूस निजतो तेथे त्या कदापि वापरू नयेत. धान्य उन्हात कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत, घराबाहेरील निराळ्या खोलीत ठेवावे. त्या खोलीचा खर्च माळ्याच्या अंदाजपत्रकातच धरावा.

घर एकत्र कुटुंबाचे असेल, तर पैसा कोणी घातला आणि खोली कोणाच्या वाट्यास, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला आहे. तेव्हा त्या कागदावर बहिणींचीही संमती घ्यावी. बांधकामास कोणाची परवानगी लागते, हे ग्रामपंचायतीत आधी विचारावे. छपरास हात लावावयाचा असल्यास सुगी उरकताच माघ-फाल्गुनात कौले उतरवावीत, म्हणजे मृगाच्या आत शाकारणी पुरी होते आणि सुतारही मोकळा सापडतो.