एकादशी आणि तिसरं प्रकरण

पहाटे ५.१०

आज नळाला पाणी यायचा दिवस. बेगमपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरींचं पंचांग वेगळंच असतं. त्यात तिथी-वार नसतात, नळाचे वार असतात. पाणी कधी पाच दिवसांनी येतं, कधी आठवड्यानं. वैशाखात तर विचारूच नये. रूम पार्टनरनं नळाला पाइप लावला, मी पिंप खंगाळलं. पिंप भरेपर्यंत तिचं त्रिशरण-पंचशील म्हणून होतं. माझं काहीच म्हणून होत नाही, मी नुसती पिंपाकडं बघत राहते.

हे पाणी पैठणच्या नाथसागराचं. आमचं जुनं गाव त्याच्याच पोटात आहे. धरण १९७६ला पुरं झालं, त्याआधीच आजी-आजोबा बाडबिस्तरा उचलून माळावरच्या पुनर्वसनाच्या गावात आले होते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अण्णा, माझे वडील, आम्हाला काठावर न्यायचे आणि बोट करून सांगायचे, तो तिथं मारुतीचा पार होता, त्याच्या डाव्या हाताला आपलं घर. आम्हाला चिखलाशिवाय काही दिसायचं नाही, तरी आम्ही माना डोलवायचो. पार्टनरला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुझ्या आजीच्या अंगणातूनच येतंय की गं पाणी. जरा रोज सोडा म्हणावं."

सकाळी ५.५०

गोगाबाबा टेकडी. वर चढायला फार वेळ लागत नाही, पण मे महिन्यात सहानंतर चढण्यात अर्थ नाही. वरून एका बाजूला मकबऱ्याचा घुमट दिसतो, खाली विद्यापीठाच्या इमारती आणि त्यापलीकडं नागसेनवनाची झाडी. मागच्या डोंगरात लेणी आहेत. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ भयं कोरली आहेत: आग, चोर, हत्ती, सिंह, साप, बुडणारं जहाज वगैरे. प्रत्येक चौकटीत घाबरलेली माणसं हात जोडून त्याच्याकडं धावताहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही दोघींनी नववं भय ठरवून टाकलं: सहामाही प्रगती अहवाल.

पार्टनर परभणीकडची, रसायनशास्त्रात संशोधन करते. तिचे आजोबा नागसेनवनातल्या वसतिगृहात राहून शिकले. बाबासाहेबांनी १९५० साली इथं कॉलेज काढलं, पुढं त्याला मिलिंद महाविद्यालय असं नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा यवन राजा, 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणारा. मला या नावांचं फार नवल वाटतं. उत्तरं देणाऱ्याचं नाव झाडांना दिलं आणि प्रश्न विचारणाऱ्याचं कॉलेजला! आपल्याकडं शाळा-कॉलेजांना देवांची, संतांची, पुढाऱ्यांची नावं असतात. शंका काढणाऱ्याचं नाव दिलेलं दुसरं कॉलेज मला तरी माहीत नाही.

सकाळी ७.००

आईचा फोन. सातचा ठोका कधी चुकत नाही.

"आज एकादस आहे. ध्यानात आहे का?"

"आहे." नव्हती.

"भावाला सुट्टी भेटंना. वाळूजची कंपनी म्हणती, पंधरा दिवस गेलास तर येऊच नको. मग वारी मोडायची का, सांग तू."

आमचं घर माळकरी. नाथांच्या पालखीसोबत पैठणहून पंढरपूर. आजोबा जायचे, अण्णा जायचे. रायमोहा, पाटोदा, खर्डा, परांडा ही गावं मला भूगोलाच्या पुस्तकाआधी अण्णांच्या तोंडून पाठ झाली. गेल्या कार्तिकात अण्णा गेले. आईनं त्यांची तुळशीची माळ काढून पत्र्याच्या पेटीत ठेवली, आणि तेव्हापासून ती माळ कुणाच्या गळ्यात पडणार हा आमच्या घरातला न बोलायचा विषय आहे. भाऊ शिफ्टमध्ये अडकलेला. उरले मी. उपवास मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी सोडला. देवळात गेले तर हात जोडते, पण ते ओळखीच्या माणसाला नमस्कार करावा तसे.

"आई, मला जूनमध्ये प्रकरण द्यायचंय सरांना."

"मग दे की. मी कुठं नको म्हणायली?" फोन बंद.

पालखी निघायला महिनाही राहिला नाही.

सकाळी ८.१५

घरमालकीणकाकूंनी भगर आणि दाण्याची आमटी पाठवली. अर्थात खाल्ली. आता हा उपवास झाला की नुसता नाश्ता, ते विठ्ठलानंच ठरवावं.

सकाळी ९.३० ते १.१५

ग्रंथालयातला नियतकालिकांचा विभाग. दिवसातले खरे तास हेच, बाकी सगळं जाणं-येणं.

माझा विषय 'अस्मितादर्श'च्या पहिल्या दहा वर्षांतलं समीक्षालेखन. हे त्रैमासिक याच शहरातून निघालं. आधी १९६७ला 'अस्मिता' म्हणून, दुसऱ्या वर्षापासून 'अस्मितादर्श'. संपादक गंगाधर पानतावणे, मूळचे नागपूरचे. मिलिंदमध्ये आणि नंतर विद्यापीठात मराठी शिकवता शिकवता त्यांनी हे काम पुढं अनेक दशकं रेटलं. त्यामागं मिलिंदचं वातावरण होतं. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते, इथं प्राचार्य होते, आणि तिकडच्या काळ्या लेखकांचं काय चाललंय ते पोरांना सांगत होते. ज्या पोरांच्या घरात पुस्तक नव्हतं ती हॉस्टेलवर बसून लिहायला लागली. पानतावणे २०१८च्या मार्चमध्ये गेले. मी त्यांना एकदाच लांबून पाहिलं, बोलायचं धाडस झालं नाही. त्याचं आता वाईट वाटतं.

जुन्या अंकांचा कागद बोटाखाली तुटतो. पान उलटताना श्वास धरायचा, ही सवय लागली आहे. त्या काळातला एक मोठा वाद माझ्या तिसऱ्या प्रकरणात आहे: दलित साहित्याचं मूळ कुठं शोधायचं? बुद्धात, चोखामेळ्यात, फुल्यांत की आंबेडकरांत? पानतावण्यांचं उत्तर स्पष्ट होतं: आंबेडकर. चोखोबाचं दुःख खरं, पण तो दाराशी उभा राहून विनवतो. नव्या लेखकाला विनवायचं नव्हतं. हे वाचताना मला पटतं. पटतं, आणि त्याच वेळी अण्णांच्या आवाजातले चोखोबाचे अभंग कानात सुरू होतात. दोन्ही एकदम चालू राहतात, एकानं दुसरं थांबत नाही. हे प्रबंधात कसं लिहायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

चोखोबाची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, म्हणजे अजूनही बाहेरच. मंदिर सगळ्यांना उघडायला १९४७चा मे महिना आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. अण्णा वारीला पोचले की आधी चोखोबाला डोकं टेकायचे, मग नामदेवाच्या पायरीला, मग कळस बघून माघारी फिरायचे. आत गर्दी असते म्हणायचे. मी हे कौतुकानं पार्टनरला सांगितलं होतं. ती म्हणाली, "चोखोबाला डोकं टेकवणं सोपं आहे गं. चोखोबाच्या पोरांनी विहिरीवर यायचं म्हटलं की तेव्हा काय करतात, ते सांग."

ते मला सांगता येत नाही, हाच माझा मुद्दा आहे. २७ जुलै १९७८ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. माणसं मारली गेली, घरं जळाली, पिकं उपटली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. आता दर चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर माणूस मावत नाही, पुस्तकांचे स्टॉल लागतात, लेकरं खांद्यावर घेऊन लोक गेटला हात लावतात. मी दरवर्षी जाते, पुस्तकं घेते. पण १९७८ला अण्णा सोळा वर्षांचे होते, नव्या गावात येऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा आमच्या गावात काय झालं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पाच वर्षं मी या विषयावर काम करतेय. दुसऱ्यांच्या गावांतल्या हकिकती कात्रणांतून उतरवून घेतल्या. आपल्या बापाला विचारलं नाही.

दुपारी १.३०

डबा. उकडलेले शेंगदाणे आणि काकडी. उन्हाकडं बघवत नाही.

दुपारी २.३०

सरांची केबिन. कूलर आवाजापुरता. तिसऱ्या प्रकरणाची बावीस पानं सरांनी वाचली होती, आणि त्यांच्या लाल पेननं फक्त एका ठिकाणी ओळ मारली होती. समासात लिहिलं होतं: 'लिहिणारी कुठं उभी आहे?'

मी म्हटलं, "सर, संशोधनात 'मी' नको असं तुम्हीच सांगितलं होतं."

"'मी' नको म्हणालो. लप म्हणालो नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "मिलिंदराजानं चर्चा करू म्हटल्यावर नागसेनानं अट घातली होती, माहीत आहे ना? पंडितांसारखं बोलायचं असेल तर बोलू, राजासारखं नाही. राजाला विरोध केला की शिक्षा, पंडिताची चूक दाखवली तर तो रागवत नाही. आता तूच सांग, तुझ्या प्रकरणात चोखोबाची बाजू कुणी मांडली आहे? कोपऱ्यात कुणीतरी घाबरत उभं आहे, पण बोलत नाही."

बाहेर येताना मला राग आला होता. पायऱ्या उतरेपर्यंत तो कुणाचा होता ते कळलं.

दुपारी ४.००

भविष्याचा तास. हा मी रोज एकच ठेवलाय, जास्त दिला तर दिवस पुरत नाही. सेट झालेली आहे. कायम जागा निघेल तेव्हा निघेल. एका कॉलेजातून तासिका तत्त्वावर शिकवण्यासाठी विचारणा आहे. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही. फेलोशिपचे गेल्या काही महिन्यांचे हप्ते अडकलेत, विचारलं की 'प्रक्रियेत आहे' असं ऐकायला मिळतं. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षांची, त्यातलं पाचवं संपत आलंय. मामांनी एक स्थळ आणलंय, मुलगा बँकेत आहे, पीएच.डी. लग्नानंतरही करता येईल म्हणतात. करता येईल, हे 'येता-जाता चहा घेत जा' म्हणतात ना, तसं वाटतं. मी मामांना नाही म्हणून कळवलं. दोन ओळींत.

संध्याकाळी ५.३०

औरंगपुऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये मराठी व्याकरण शिकवते. खोलीचं भाडं यातून निघतं. आज प्रयोग होते: कर्तरी, कर्मणी, भावे. पोरं हुशार असतात, पण त्यांना 'का' नको असतं, पर्याय क्रमांक हवा असतो. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या घरीही कुणीतरी फोनवर वाट बघत असतं. मागच्या बाकावरचा एक जण रोजच्यासारखं म्हणाला, "मॅडम, तुम्हीच का देत नाही एमपीएससी? निघाल तुम्ही." रिक्षानं परत येताना मी खरंच दोन मिनिटं त्याचा विचार केला. मकई गेट आलं आणि विचार संपला.

रात्री ८.००

अण्णांचा हरिपाठाचा वेळ. पाऊस असो, पाहुणे असोत, दिवसभर कापूस वेचून पाठ मोडलेली असो, आठ वाजले की टाळ हातात. देव प्रसन्न होतो का, असं मी लहानपणी विचारलं तर म्हणाले होते, "ते त्याचं काम. आपण नेम चुकवायचा नाही." मी कार्तिकापासून आठ वाजता लिहायला बसते, रोज तीनशे शब्द. चांगले-वाईट बघत नाही. श्रद्धा कुठं सांडली ते नेमकं सांगता येत नाही, पण वेळ मात्र त्यांचीच उचलली आहे.

आज तीनशे नाही, नव्वदच झाले. सगळे 'मी'पासून सुरू होणारे. पार्टनर लॅबमधून नऊला आली, तिचा कॉलम फसला होता, दिवसभराचं काम वाया. वहीत डोकावून म्हणाली, "हे बरं लिहिलंस. अजून खोटं वाटतंय, पण बरं आहे."

रात्री १०.२०

मीच आईला फोन लावला. ती दचकली, रात्रीचा फोन म्हणजे आमच्याकडं वाईटच.

"काही नाही झालं. एक विचारायचंय. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या वेळी, आपल्या गावात काय झालं होतं? अण्णा कुठं होते तेव्हा?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. पंख्याचा आवाज येत होता.

"मी लगीन होऊन नंतर आले," ती म्हणाली. "पण मला सांगितलंय त्यांनी. एकदाच सांगितलं."

"काय?"

"फोनवर सांगायचं नाही ते. तू चाल माझ्यासंगं, वाटेनं सांगते."

"माळ नाही घालणार मी."

"माळ मी घालते. तू पिशवी उचल."

सरांना मेसेज टाकला: प्रकरण जूनमध्ये नाही, आषाढी झाल्यावर देते, आणि तेव्हा त्यात थोडी भर असेल. अजून निळ्या खुणा आल्या नाहीत.

उद्या बारस. काकूंनी सकाळी नऊला उपवास सोडायला बोलावलंय, पार्टनरलाही.