उसनीं पात्रें, नव्या गोष्टी आणि पालकांची चिंता

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या वसतिगृहांतील एका मुलीची आई मजकडे आली. तिच्या एका हातांत वर्तमानपत्राचें कात्रण होतें व दुसऱ्या हातांत मुलीच्या पेटींत सांपडलेली वही. वहींत हॅरी पॉटरची मुलीनें स्वतः रचलेली गोष्ट होती. कात्रणांत असल्या लेखनानें मुलें बिघडतात असा इशारा होता. "सर, ही वही जाळून टाकूं का?" असें त्या माउलीनें विचारिलें. तिला दिलेलें उत्तर इतर पालकांसही उपयोगी पडेल, म्हणून तें येथें मांडीत आहें.

दुसऱ्याच्या ग्रंथांतील अथवा चित्रपटांतील पात्रें उसनीं घेऊन वाचक आपल्या हौसेनें जी नवी गोष्ट रचतो, तिला फॅन फिक्शन असें म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेंतील वर्तमानपत्रें पालकांना तिची ओळख बहुधा दोन प्रकारें करून देतात. पहिला प्रकार भयाचा. २०१२ सालीं 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' ही प्रौढांची शृंगारिक कादंबरी फार गाजली. ती मूळची 'ट्वायलाइट' या कुमारप्रिय कादंबरीमालेंतील पात्रांवर रचलेली असून, पुढें नांवें बदलून छापली गेली होती. तेव्हांपासून या एका पुस्तकावरून साऱ्या प्रकाराची पारख होऊं लागली. दुसरा प्रकार नवलाचा. ॲना टॉड या तरुणीनें एका गायकवृंदावर इंटरनेटवर लिहिलेली 'आफ्टर' ही कथा २०१४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली व तिला कीर्ति आणि द्रव्य मिळालें. पहिल्या बातमीनें पालक भितात, दुसरीनें भुलतात. आपलें मूल मात्र दोहोंतही दिसत नाहीं.

यांत वर्तमानपत्रांचा दुष्टपणा नाहीं. जें विलक्षण तेंच बातमी ठरतें. एखादी मुलगी निमूटपणें चार पानें लिहिते, खोडते व पुन्हां लिहिते, याची बातमी कोण छापणार?

तथापि भय सर्वस्वीं निराधार नाहीं. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या मोठ्या कथासंग्रहास २०१९ सालीं ह्यूगो पारितोषिक मिळालें. पण त्यांत मुलांनीं वाचूं नये असेंही पुष्कळ आहे. तेथें गोष्ट सर्वांकरितां आहे, कुमारांकरितां आहे कीं प्रौढांकरितां, अशी खूण असते. परंतु ती खूण लेखक स्वतःच निवडतो, आणि प्रौढांच्या गोष्टीचें दार एका कळीनें उघडतें. दारावर पहारेकरी नाहीं. म्हणून ही खूण पालकांनीं मुलांस वाचावयास शिकविली पाहिजे.

खुद्द हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंगबाई यांनींही २००४ सालीं हाच विवेक केला. वाचक आपल्या पात्रांवर लिहितात याचा त्यांना आनंद वाटला. मात्र तें लेखन अश्लील नसावें व त्याचा व्यापार होऊं नये, इतकीच त्यांची अपेक्षा होती.

उसन्या नायकावर हात बसविणें ही कांहीं नवी खोड नव्हे. १८२६ सालीं ब्राँटे नांवाच्या आयरिश पाद्र्यानें आपल्या मुलास लांकडी शिपाई आणून दिले. त्याची बहीण शार्लट हिनें आपल्या शिपायास ड्यूक ऑफ वेलिंग्टनचें नांव दिलें, आणि या भावंडांनीं तळहाताएवढ्या वह्यांत त्यांच्या कथा रचिल्या. त्याच शार्लटची 'जेन एअर' ही कादंबरी पुढें १८४७ सालीं प्रसिद्ध झाली. प्रत्येक मूल शार्लट होणार नाहीं. पण त्या वह्या कोणी जाळल्या नाहींत हें लक्षांत ठेवावें.

मीं त्या बाईंना एवढेंच म्हटलें, "कात्रण वाचलेंत, आतां वही वाचा." त्या तेथेंच बसून वाचूं लागल्या. मूळ कथेंत हॅरी पोरका आहे. या गोष्टींत मात्र शाळेंत असतां त्याला दर शनिवारीं आईचें पत्र येई. बाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं पदरानें डोळे पुसले, वही पिशवींत ठेविली आणि मुलीला भेटावयास वसतिगृहाकडे गेल्या.